जपानची दुसरी निवडणूक

१८९२ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या १५ तारखेस जपानांत दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. सरकारी मोजणीप्रमाणें त्या निवडणुकीच्या धामधुमींत २५ माणसें ठार झालीं आणि ३८८ जखमी झालीं. हा आंकडा ऐकून आज कोणी दचकेल असें नाहीं. विसाव्या शतकानें माणसाच्या कानांना याहून पुष्कळ मोठ्या आंकड्यांची संवय लावून ठेविली आहे. परंतु दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या म्हणजे त्या आंकड्याचें खरें वजन कळतें. पहिली ही कीं, सुमारें चार कोटी वस्तीच्या त्या देशांत मतदार होते अवघे साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे शंभरांत एक. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा रक्तपात राज्य उलथूं पाहणाऱ्या कोणा बंडखोरांनीं घडवून आणला नव्हता. प्रजेचें रक्षण करणें हें ज्या खात्याचें काम, त्या गृहखात्याच्याच आश्रयानें तो घडला.

नव्या जपानविषयीं आपल्याकडे कौतुकानें पुष्कळ लिहिलें-बोललें गेलें आहे. आगगाड्या, गिरण्या, आरमार, रशियावरील विजय या गोष्टी शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असत. पण त्याच जपाननें आशियाखंडांत टिकून राहिलेलें पहिलें कायदेमंडळ कसें उभारलें आणि पहिल्या दोन वर्षांतच त्याच्यावर कोणता प्रसंग गुदरला, ही कथा त्या मानानें अपरिचित राहिली.

१८६८ सालीं शोगुनांची सत्ता जाऊन सम्राटाच्या नांवानें नवें राज्य सुरू झालें, तें मुख्यतः सात्सुमा, चोशू, तोसा आणि हिझेन या चार संस्थानांतील सामुराईंच्या बळावर. पण पंक्तीला चौघे बसले आणि पानें भरलीं तीं दोघांचींच. सैन्य, आरमार, पोलीस, तिजोरी हें सारें हळूहळू सात्सुमा व चोशूच्या मंडळींच्या हातीं गेलें. तोसाचे इतागाकी ताइसुके १८७३ सालीं सरकारांतून बाहेर पडले. हिझेनचे, म्हणजे पुढच्या सागा प्रांताचे, ओकुमा शिगेनोबू यांना १८८१ सालीं बाहेर काढण्यांत आलें. इतागाकींनीं १८७४ सालींच लोकनियुक्त सभेची मागणी करणारा अर्ज सरकारकडे दिला होता. १८८० सालीं तोसाचेच काताओका केनकिची आणि त्यांचे सहकारी कोनो हिरोनाका हजारों सह्यांचा तसलाच अर्ज घेऊन राजधानींत गेले, तेव्हां तो स्वीकारावयास कोणतीही कचेरी तयार होईना. तरी पुढल्याच वर्षीं सम्राटाच्या आज्ञापत्रानें १८९० सालीं कायदेमंडळ भरविण्याचें वचन दिलें गेलें. मग इतागाकींचा जियूतो म्हणजे उदारपक्ष आणि ओकुमांचा काइशिन्तो म्हणजे सुधारणापक्ष असे दोन लोकपक्ष उभे राहिले.

काताओकांचें नांव येथें मुद्दाम घेतलें आहे, कारण या कथेंत तें पुन्हां येणार आहे. १८८७ च्या डिसेंबरांत सरकारनें एक कायदा रातोरात काढला आणि पांचशेंहून अधिक राजकीय कार्यकर्त्यांना राजवाड्यापासून तीन री, म्हणजे सुमारें १२ किलोमीटर, अंतराच्या बाहेर निघून जाण्यास फर्माविलें. बहुतेक गेले. काताओका गेले नाहींत. त्यांनीं तुरुंग पत्करला. १८८९ च्या फेब्रुवारींत राज्यघटना जाहीर झाली त्या निमित्तानें राजबंद्यांना माफी मिळाली, तेव्हां ते सुटले. घटनेच्या त्या मंगल दिवशींही रक्त सांडलें होतें: समारंभाला निघालेले शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांना त्यांच्या घरींच एका माथेफिरूनें भोंसकलें आणि दुसऱ्या दिवशीं ते वारले.

घटना जर्मन वळणाची होती. मंत्री सम्राटाला जबाबदार, सभागृहाला नव्हेत. प्रतिनिधिगृहानें अंदाजपत्रक मंजूर केलें नाहीं तर सरकारनें मागील वर्षाचेंच अंदाजपत्रक चालवावें असें ७१ वें कलम सांगत होतें. घटनेच्या कर्त्यांना वाटलें कीं या एका कलमानें प्रतिनिधींचे दांत काढून घेतले आहेत. पण झालें उलटेंच. जपानचा खर्च दरवर्षीं वाढत होता. नवीं लढाऊ गलबतें बांधावयाचीं होतीं, पोलादाचा कारखाना काढावयाचा होता. मागील वर्षाच्या पैशांत चालू वर्षाचें आरमार कसें बांधणार? म्हणजे 'नाहीं' एवढा एकच शब्द उच्चारण्याची मुभा ज्या गृहाला होती, त्या गृहापुढें सरकारला दरवर्षीं हात जोडणें भाग पडूं लागलें.

आणि त्या गृहांत बसणारे तरी कोण? वर्षाला १५ येन किंवा त्याहून अधिक प्रत्यक्ष कर देणारा, पंचवीस वर्षें पुरीं झालेला पुरुष, तोच मतदार. शहरांतील व्यापाऱ्यापेक्षां खेड्यांतील जमीनदारावरच त्या काळीं कराचा बोजा असल्यामुळें मतदारवर्ग बहुतेक जमीनदारांचाच होता, आणि त्याला हवी होती जमीनसाऱ्यांत सूट. गरीब कुळें, मजूर आणि झाडून साऱ्या स्त्रिया यांना या हिशेबांत जागाच नव्हती. याला आजच्या अर्थानें लोकशाही म्हणतां येणार नाहीं. तिचें तें बाळपण होतें एवढेंच.

१८८९ च्या निवडणूक कायद्यांतील आणखी एक बारकावा पुढील सर्व प्रकार समजण्यासाठीं अवश्य आहे. मतदारानें मतपत्रिकेवर उमेदवाराचें नांव लिहावयाचें. आणि त्याखालीं स्वतःचें नांव, पत्ता लिहून आपला शिक्का उमटवावयाचा. मत गुप्त नव्हतें. सरासरी काढली तर एकेका मतदारसंघांत दीड-दोन हजारच मतदार. त्यांचीं नांवें कराच्या पटावर, घरें पोलीसपाटलालाही पाठ, आणि मत शिक्क्यानिशीं कागदावर. कोणाला धाक घालावयाचा आणि धाक लागू पडला कीं नाहीं हें कसें ताडून पाहावयाचें, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें कायद्यानेंच तयार करून ठेविलीं होतीं.

पहिली निवडणूक मात्र १ जुलै १८९० रोजीं शांततेंत पार पडली. शेंकडा नव्वदांहून अधिक मतदारांनीं मत दिलें. पुष्कळ गांवीं लोक सणासुदीचा पोशाख करून मत द्यावयास गेले. थोडीफार दांडगाई झाली, ती सोशी लोकांची. 'सोशी' या शब्दाचा अर्थ धट्टाकट्टा मर्द गडी. मुळांत हे लोकपक्षांच्या चळवळींतील तडफदार तरुण होते. सभांना पहारा देत, पुढाऱ्यांचें रक्षण करीत. पण चळवळीला ओहोटी लागली तसा यांतील बराच भाग रिकामा पडला. केस वाढवावे, हातांत सोटा किंवा गुप्ती बाळगावी आणि जो पैसा देईल त्याच्यासाठीं दुसऱ्याच्या सभेंत गोंधळ घालावा, असा हा धंदा बनला. सरकारपक्ष आणि लोकपक्ष दोघांनींही त्यांना पोसलें. लोकपक्षांचे इतिहासकार या गोष्टीवरून घाईघाईनें पुढें सरकतात, परंतु ती लपवण्यांत अर्थ नाहीं: १८९२ सालीं सरकारनें जें हत्यार उचललें त्याची धार त्याच्या विरोधकांनींही पूर्वींच लावून ठेविली होती.

१८९१ च्या अखेरीस सरकार आणि प्रतिनिधिगृह यांची ओढाताण तुटेपर्यंत ताणली गेली. मुख्य प्रधान होते सात्सुमाचे मात्सुकाता मासायोशी. गृहानें आरमाराच्या आणि पोलादी कारखान्याच्या रकमांना कात्री लावली. त्याचें कारण केवळ काटकसर नव्हतें. नौदलाच्या खात्यांत सात्सुमाच्या मंडळींचा जो गोतावळा जमला होता त्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. २२ डिसेंबरला नौदलमंत्री काबायामा सुकेनोरी उठले आणि संतापाच्या भरांत त्यांनीं गृहाला सुनावलें कीं, तुम्ही सात्सुमा-चोशूचें सरकार म्हणून हिणवतां, पण देशांतले चार कोटी जीव आज सुरक्षित आहेत ते कोणाच्या पुण्याईनें? या भाषणानें गृहांत जो गदारोळ उडाला तो जपानांत पुष्कळ दिवस लोकांच्या आठवणींत राहिला. तीन दिवसांनीं, २५ डिसेंबरला, गृह विसर्जित झालें. पुन्हां निवडणूक आली.

आतां रंगभूमीवर आले गृहमंत्री शिनागावा याजिरो. हा मनुष्य दुष्ट होता असें मानून चालल्यास या प्रकरणांतील खरा धडाच हातचा निसटेल. शिनागावा चोशूचे, योशिदा शोइन या देशभक्त गुरूचे शिष्य, वागण्यांत साधे आणि स्वामिनिष्ठ. लहान शेतकऱ्याला सावकाराच्या पाशांतून सोडविण्यासाठीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा व्हावा म्हणून त्यांनीं मनापासून खटपट केली, आणि तो कायदा अखेर १९०० सालीं झालाही. अशा माणसानें निवडणुकींत पोलीस घातले ते कां? कारण राष्ट्र म्हणजे सम्राट, सम्राटाचें सरकार म्हणजेच राष्ट्र, आणि त्या सरकारला अडविणारे ते राष्ट्राचे शत्रु, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तेच लोक पुन्हां निवडून आले तर गृह पुन्हां मोडावें लागेल आणि घटनाच बुडेल. मग ते निवडून न येतील अशी तजवीज करणें हें राजसेवकाचें कर्तव्यच, असें त्यांना वाटत होतें. स्वार्थी माणूस लांच घेतो आणि थांबतो. आपण राष्ट्र वांचवीत आहों अशी ज्याची खात्री झाली, त्याला कोठें थांबावें हें सांगणार कोण?

हाताखालीं यंत्र तयारच होतें. जपानांतील प्रत्येक प्रांताचा गव्हर्नर हा लोकनियुक्त नसून गृहमंत्र्यांच्या खात्याचा नोकर. पोलीस गव्हर्नरच्या ताब्यांत. सभांना परवानगी देणें न देणें पोलिसांकडे, आणि वर्तमानपत्र बंद करण्याचा अधिकार सरकारकडे. टोकियोंतून एक इशारा सुटला कीं तो खेड्यांतल्या चौकीपर्यंत जावयास दोन-तीन दिवस पुरत. आरंभ सौम्य होता. गव्हर्नरांनीं वजनदार मंडळींना बोलावून सरकारपक्षाच्या उमेदवाराची शिफारस केली. रस्ता, पूल, शाळा यांचीं आश्वासनें दिलीं. सरकारी गुप्त निधींतून पैसा फिरला. मग लोकपक्षांच्या सभा मोडूं लागल्या, त्यांचीं पत्रें बंद पडूं लागलीं. २८ जानेवारीला एक नवें फर्मान निघालें. ज्याला स्थिर धंदा नाहीं आणि जो दांडगाई करतो, अशा इसमाला पोलिसांनीं समज द्यावी व त्याच्या हालचालींवर बंधनें घालावीं, असा त्याचा आशय. कागदावर तें सोशींच्या बंदोबस्तासाठीं होतें. प्रत्यक्षांत लोकपक्षाचा कार्यकर्ता तेवढा 'बेधंदा' ठरे आणि सरकारपक्षाचा गुप्तीवाला हा सभ्य नागरिक ठरे.

बहुतेक प्रांतांत प्रकरण एवढ्यावरच राहिलें. खरें रण माजलें तें कोची आणि सागा या दोन प्रांतांत, आणि त्याचें कारण उघड होतें. कोची म्हणजे जुनें तोसा, इतागाकींचें माहेर. सागा म्हणजे ओकुमांची जन्मभूमि. लोकपक्षांना त्यांच्या घरांत पाडलें म्हणजे बाकीचा देश आपोआप वांकेल, असा हिशेब होता. तेथें पोलीस आणि भाडोत्री सोशी एकत्र फिरूं लागले. घरोघर जाऊन मतदारांना धमकावण्यांत आलें. रस्त्यांत अडवून झोडपण्यांत आलें. कित्येकांना आपलीं गांवें सोडून आडरानीं रात्री काढाव्या लागल्या. लोकपक्षाच्या लोकांनींही तलवारी बाहेर काढल्या. सामुराईंचा वर्ग कायद्यानें मोडून वीस वर्षेंसुद्धां झालीं नव्हतीं; घरांत शस्त्रें होतीं आणि हातांना त्यांची संवय होती. शेवटीं सैन्य आणावें लागलें. सागामधील कांहीं भागांत ठरल्या दिवशीं मतदानच होऊं शकलें नाहीं, तें मागाहून घ्यावें लागलें. कोची प्रांतांत मतपेट्या पळविण्यांत आल्या. एकट्या कोचींत १० माणसें मेलीं व ६६ जखमी झालीं. सागांत ८ मेलीं व ९२ जखमी झालीं.

हे आंकडे लिहिणें सोपें आहे. पण कोचीच्या डोंगराळ भागांतील एखादा मध्यम जमीनदार डोळ्यांपुढें आणला म्हणजे त्या दिवसाची कल्पना येते. त्याला माहीत आहे कीं मतकेंद्राच्या दाराशीं उभा असलेला शिपाई त्याला नांवानें ओळखतो. आंत गेल्यावर तो जें लिहील त्याखालीं त्याला स्वतःचें नांव घालावयाचें आहे आणि वाडवडिलांपासून चालत आलेला कुळाचा शिक्का उमटवावयाचा आहे. तो घरीं बसून राहिला तर त्याला कोणी भित्रा म्हणणार नाहीं. त्याचें मत दिल्यानें सारा कमी होईल याची खात्री नाहीं. मत दिल्यानें घर जळेल ही शक्यता मात्र शेजारच्या गांवावरून त्याला कळली आहे. इतकें असून हजारों लोक गेले आणि त्यांनीं शिक्के उमटविले.

निकाल लागला तेव्हां गृहखात्याची मान खालीं गेली. तीनशें जागांपैकीं सुमारें एकशेंसाठ लोकपक्षांकडे व त्यांच्या साथीदारांकडे राहिल्या. बहुमत घटलें, पण मोडलें नाहीं. ओकायामाचे इनुकाई त्सुयोशी आणि मिए प्रांताचे ओझाकी युकिओ हे दोघे तरुण सुधारणापक्षीय पुन्हां निवडून आले. त्यांतील ओझाकी पुढें १९५२ पर्यंत सलग पंचवीस निवडणुका जिंकून गेले. इनुकाईंच्या दैवीं मात्र वेगळाच शेवट होता: ते मुख्य प्रधान झाले आणि १५ मे १९३२ रोजीं नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनीं त्यांना त्यांच्या निवासस्थानीं गोळ्या घातल्या. काताओका मात्र १८९२ मध्यें पडले असें जाहीर झालें. ज्या कोचींत पेट्या पळाल्या त्याच प्रांतांतील ते उमेदवार. ते व त्यांचे जोडीदार हायाशी युझो न्यायालयांत गेले, आणि न्यायालयानें निकाल फिरवून दोघांनाही विजयी ठरविलें. त्या काळच्या जपानी न्यायाधीशांच्या पदरीं ही गोष्ट अवश्य जमा केली पाहिजे.

धाक पुरा कां पडला नाहीं, याचें उत्तर लोकांच्या शौर्यांत जितकें आहे तितकेंच त्यांच्या सातबाऱ्यांतही आहे. जपानचा १८९२ मधील मतदार हा स्वतःच्या जमिनीवर उभा होता. त्याची नोकरी सरकारच्या हातांत नव्हती, धान्य सरकारच्या कोठारांत नव्हतें. आपल्या पंचक्रोशींत तोच मोठा माणूस होता. कुळें, नातलग, देवळाचा पुजारी सारे त्याच्याभोंवतीं. चौकीवरचा शिपाई वरचढ झाला तरी उपरा. मत ज्याच्यापाशीं होतें त्याच्यापाशीं तें राखण्याचें बळही होतें. मताचा अधिकार पुढें खालच्या थरांत उतरला तेव्हां हें बळ त्याच्याबरोबर उतरलें नाहीं.

पुढचे सहा महिने टोकियोंत जें घडलें तें मारामारीइतकेंच उद्बोधक आहे. घटनेचे शिल्पकार इतो हिरोबूमी त्या वेळीं प्रिव्ही कौन्सिलचे अध्यक्ष होते. त्यांनीं या प्रकाराबद्दल उघड नापसंति दाखवून राजीनामा पुढें केला. मंत्रिमंडळांत असलेले मुत्सु मुनेमित्सु बाहेर पडले. मार्च महिन्यांत शिनागावांनाही जावें लागलें. मे महिन्यांत नवें कायदेमंडळ भरलें, तेव्हां पहिला फटका आला तो अगदीं अनपेक्षित दिशेनें. सरदार, श्रीमंत आणि सम्राटनियुक्त सभासद यांच्या उमरावगृहानें ११ मे रोजीं असा ठराव केला कीं, निवडणुकींत ढवळाढवळ करणाऱ्या अधिकाऱ्यांचा सरकारनें विचार घ्यावा. प्रतिनिधिगृहांत सम्राटाकडे थेट तक्रार करण्याचा ठराव अवघ्या तीन मतांनीं फेटाळला गेला. पण दोन दिवसांनीं सरकारच्या निषेधाचा ठराव १५४ विरुद्ध १११ मतांनीं मंजूर झाला. मात्सुकातांनीं त्याला काय उत्तर द्यावें? त्यांनीं सात दिवसांसाठीं गृहाचें कामकाजच थांबविलें. मंत्री सम्राटाला जबाबदार. गृहाच्या नापसंतीनें खुर्ची सोडण्याचें त्यांना कारण दिसलें नाहीं.

सरकार पडलें तें ऑगस्टमध्यें, आणि तेंही निराळ्याच धक्क्यानें. नवे गृहमंत्री कोनो तोगामा यांनीं दंगलींत हात असलेल्या गव्हर्नरांवर कारवाई सुरू केली; त्याचा निषेध म्हणून लष्कर व नौदल या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनीं राजीनामे दिले आणि मंत्रिमंडळ कोसळलें. जपानच्या पुढील दुःखद इतिहासांत सेनाधिकाऱ्यांनीं राजीनाम्याच्या या पेंचानें अनेक सरकारें जेरीस आणलीं. पोलिसांच्या अत्याचाराची चौकशी होऊं नये म्हणून तो पेंच येथें खेळला गेला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मग या २५ मृत्यूंबद्दल प्रायश्चित्त कोणीं घेतलें? पुढाऱ्यांपैकीं कोणींच नाहीं. शिनागावा त्याच वर्षीं एका नव्या सरकारनिष्ठ पक्षाचे पुढारी झाले आणि पुढें प्रिव्ही कौन्सिलांत गेले. काबायामा १८९५ सालीं फोर्मोसाचे पहिले गव्हर्नर-जनरल झाले. मात्सुकाता १८९६ मध्यें पुन्हां मुख्य प्रधान झाले. आणि त्यांच्या शेजारीं परराष्ट्रमंत्री म्हणून बसले साक्षात् ओकुमा. ज्यांच्या नांवाखातर सागामध्यें माणसें मेलीं, ते आणि ज्यांच्या राजवटींत तीं मेलीं ते, यांचा चार वर्षांतच संसार जमला! त्याच साली, त्याच्या आधींच्या मंत्रिमंडळांत, इतागाकी स्वतः गृहमंत्री झालेले होते. म्हणजे ज्या खुर्चीवरून कोचीला पोलीस सुटले, त्या खुर्चीवर कोचीचाच पुढारी बसला.

तडजोड वाईटच असें म्हणण्याचें कारण नाहीं. सरकारनें ओळखलें कीं लाठीनें बहुमत मिळत नाहीं. पक्षांनीं ओळखलें कीं नुसत्या नकारानें राज्य हातीं येत नाहीं. त्यांतून दोघे जवळ आले आणि जपानचें कायदेमंडळ जगलें. चीनशीं युद्ध सुरू होतांच १८९४ मध्यें त्याच गृहानें युद्धखर्चाला हां हां म्हणतां मंजुरी दिली. १९०० च्या कायद्यानें मतपत्रिकेवरील मतदाराचें नांव आणि शिक्का गेला. मत गुप्त झालें, कराची अट १० येनांवर आली. काताओका तोंवर प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष झाले होते, आणि १९०३ मध्यें वारले तेव्हांही त्याच आसनावर होते. उघड तलवारी चालल्या अशी निवडणूक जपानांत पुन्हां झाली नाहीं.

परंतु तडजोडींत एका गोष्टीला कोणींही हात लावला नाहीं. गव्हर्नर नेमणारा गृहमंत्री, गव्हर्नरच्या मुठींतले पोलीस, पोलिसांच्या मर्जीवर सभा, हें यंत्र जसेंच्या तसें राहिलें. विरोधांत असतांना जो पक्ष त्याच्या नांवानें बोटें मोडी, तोच सत्तेवर येतांच त्याला तेल घाली. १९१५ सालीं ओकुमा वृद्धपणीं मुख्य प्रधान असतां त्यांच्या सरकारनें मोठें बहुमत मिळविलें. त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्यांचे गृहमंत्री ओउरा कानेताके यांना लांचलुचपतीच्या प्रकरणांत पद सोडावें लागलें. १९२० नंतर तर मंत्रिमंडळ बदललें कीं प्रांतोप्रांतींचे गव्हर्नर घाऊक बदलण्याची वहिवाटच पडली. १९२५ सालीं सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला, आणि त्या कायद्याखालीं पहिली निवडणूक २० फेब्रुवारी १९२८ रोजीं झाली, तेव्हां गृहमंत्री सुझुकी किसाबुरो यांच्यावर पोलिसांकरवीं ढवळाढवळ केल्याचा जो आरोप आला त्यापायीं त्यांना त्याच वर्षींच्या मे महिन्यांत जावें लागलें. मतदार साडेचार लाखांचे सव्वा कोटी झाले होते. त्यांच्या मतपत्रिकेवर शिक्का नव्हता, पण त्यांतील पुष्कळांच्या पायांखालीं स्वतःची जमीनही नव्हती. आणि चौकीवरचा शिपाई अजून टोकियोचाच होता.

प्रांतांचे गव्हर्नर लोकांनीं निवडून देण्यास जपानांत १९४७ च्या एप्रिलमध्यें आरंभ झाला. त्यावेळीं देश युद्ध हरलेला होता आणि अमेरिकन सैन्याच्या ताब्यांत होता. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला गृहखातें बरखास्त करण्यांत आलें.